अखंड पुरवठ्याचे उत्तरदायित्व : पहिल्या इन्सुलिन पंपाची निवड आणि वापर

टाइप-1 मधुमेहात स्वादुपिंडातील बीटा पेशी, म्हणजे इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी, शरीराच्याच प्रतिकारयंत्रणेकडून नष्ट केल्या जातात आणि त्यानंतर रुग्णाला आयुष्यभर बाहेरून इन्सुलिन घ्यावे लागते, हे आता सर्वसामान्य वाचकालाही ठाऊक आहे. निरोगी स्वादुपिंड हे इन्सुलिन दोन रीतींनी सोडते, ही बाब मात्र तितकीशी परिचित नाही. माणूस झोपलेला असो वा उपाशी असो, यकृतातून रक्तात येणाऱ्या साखरेला आवर घालण्यासाठी स्वादुपिंड इन्सुलिन थोडे थोडे सतत झिरपवत असते, आणि जेवणानंतर साखर वाढू लागली की काही मिनिटांतच त्याचा मोठा हप्ता सोडते. पहिल्या पुरवठ्याला वैद्यकाच्या परिभाषेत ‘बेसल’ आणि दुसऱ्याला ‘बोलस’ म्हणतात. इंजेक्शनच्या उपचारात बेसलसाठी चोवीस तास पुरणारे दीर्घ परिणामाचे इन्सुलिन दिवसातून एकदा आणि बोलससाठी जलद परिणामाचे इन्सुलिन प्रत्येक जेवणापूर्वी घेतले जाते. इन्सुलिन पंपात दीर्घ परिणामाचे इन्सुलिन मुळीच नसते. एकच जलद इन्सुलिन यंत्राद्वारे दर काही मिनिटांनी अत्यल्प प्रमाणात त्वचेखाली सोडून बेसलचे काम भागवले जाते आणि जेवणाच्या वेळी तेच इन्सुलिन बटण दाबून मोठ्या मात्रेत दिले जाते.

पंपाचे सारे गुण आणि त्याचे जवळजवळ सारे धोके या एकाच रचनेतून निघतात. पुरवठा अखंड असल्यामुळे तो हवा तेव्हा कमी, जास्त किंवा बंद करता येतो, जे एकदा टोचलेल्या दीर्घ इन्सुलिनच्या बाबतीत शक्य नसते. आणि पुरवठा अखंड असण्यावरच सर्व भिस्त असल्यामुळे तो कोणत्याही कारणाने तुटला तर शरीरात शिल्लक असा इन्सुलिनचा साठा उरत नाही. म्हणून पहिला पंप निवडताना विचारायचा मुख्य प्रश्न यंत्रात कोणकोणत्या सोयी आहेत हा नसून, ही अखंडता आपल्या घरात, आपल्या गावात आणि आपल्या मिळकतीत टिकवता येईल का, हा आहे. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन एवढेच आहे. पुढील विवेचन त्याचाच तपशील होय.

या यंत्राचा इतिहास इन्सुलिनच्या इतिहासापेक्षा बराच अलीकडचा आहे. टोरांटो येथे 1922च्या जानेवारीत पहिल्या रुग्णाला इन्सुलिन टोचले गेले, त्यानंतर सुमारे चार दशकांनी लॉस एंजेलिस येथील अर्नोल्ड कॅडिश यांनी रक्तशर्करा मोजून त्यानुसार इन्सुलिन देणारे उपकरण बनवले. पण ते पाठीवर बांधून वाहण्याइतके अवजड असल्याने दैनंदिन वापरात येणे शक्यच नव्हते. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये जॉन पिकअप, हॅरी कीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978मध्ये, तर अमेरिकेत येल विद्यापीठातील विल्यम टॅम्बोर्लेन आणि रॉबर्ट शेरविन यांच्या गटाने 1979मध्ये, कमरेला लावता येणाऱ्या लहान पंपाने त्वचेखाली सतत इन्सुलिन देऊन रक्तशर्करा जवळजवळ निरोगी पातळीवर आणता येते हे दाखवून दिले. तरीही एवढा खटाटोप करण्याजोगे त्यात काय आहे, ही शंका त्या काळच्या अनेक डॉक्टरांना होतीच. तिचे उत्तर 1983 ते 1993 या काळात अमेरिका आणि कॅनडातील 1,441 रुग्णांवर झालेल्या, डीसीसीटी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीने दिले. दिवसातून तीन किंवा अधिक इंजेक्शने अथवा पंप वापरून ज्यांची शर्करा काटेकोरपणे नियंत्रित ठेवली गेली, त्यांच्यापैकी आरंभी डोळे निर्दोष असलेल्यांत दृष्टिपटलाचा विकार जडण्याचा धोका 76 टक्क्यांनी घटला. त्याच गटात शर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे गंभीर प्रसंग मात्र जवळपास तिप्पट झाले. ही दुसरी बाजू पंपाच्या जाहिरातींत क्वचितच येते. वास्तविक पुढच्या तीस वर्षांतील पंपांची बहुतेक प्रगती याच उणिवेवर उतारा शोधण्याच्या धडपडीतून झाली आहे.

पंपाचा आकार साधारणपणे जुन्या पद्धतीच्या लहान मोबाइलएवढा असतो. त्याच्या आत ‘रिझर्वायर’ म्हणजे इन्सुलिनची नळकांडी बसते, तिच्यात 180 किंवा 300 युनिटे मावतात. तिथून बारीक प्लास्टिकची नळी निघून त्वचेवर चिकटवलेल्या ‘इन्फ्युजन सेट’पर्यंत जाते, आणि त्या सेटची मऊ टेफ्लॉनची किंवा पोलादाची ‘कॅन्युला’, म्हणजे सहा ते नऊ मिलिमीटर लांबीची पोकळ सुई, पोटावर, मांडीवर किंवा नितंबाच्या वरच्या भागी त्वचेखाली राहते. टेफ्लॉनचा सेट दोन-तीन दिवसांनी आणि पोलादाचा दोन दिवसांनी बदलावा लागतो. पंपात वापरल्या जाणाऱ्या इन्सुलिनच्या एका मिलिलिटरमध्ये 100 युनिटे असतात; म्हणजे तासाला एक युनिट या दराने पंप चालू असेल तर तासाभरात मिलिलिटरचा अवघा शंभरावा भाग नळीतून पुढे सरकतो. हा आकडा लक्षात घेतला की नळीतल्या हवेच्या बुडबुड्याला एवढे महत्त्व का, ते उमजते : नळीत एक इंच लांबीची हवा असेल तर सुमारे अर्धे युनिट इन्सुलिन शरीराला मिळालेलेच नसते आणि पंपाच्या हिशेबी मात्र ते दिल्याची नोंद होते. म्हणूनच फ्रीजमधून काढलेली इन्सुलिनची बाटली खोलीच्या तापमानाला आल्यावरच रिझर्वायर भरावा, असे प्रशिक्षक बजावून सांगतात. थंड इन्सुलिन पुढे गरम होताना त्यात विरघळलेली हवा बाहेर पडते आणि बुडबुडे धरतात.

यंत्रात भरायचे आकडे डॉक्टर ठरवतात, तरी त्यांची रीत रुग्णाला कळलेली बरी. समजा, एखादी प्रौढ व्यक्ती इंजेक्शनांवर दिवसाला 62 युनिटे घेत असेल, तर पंपावर येताना ती मात्रा साधारण पाचव्या हिश्शाने कमी करून 50 धरली जाते, कारण सतत झिरपणारे इन्सुलिन सहसा कमी पुरते. त्यातला सुमारे निम्मा भाग, 25 युनिटे, बेसलसाठी; म्हणजे तासाला एक युनिटाहून किंचित अधिक. पाचशेला एकूण मात्रेने भागले की एका युनिटात किती ग्रॅम कर्बोदके जिरतील ते कळते, येथे दहा; आणि अठराशेला भागले की एक युनिट रक्तशर्करा किती खाली आणेल ते कळते, येथे 36 मिलिग्रॅम. हे ठोकताळे आहेत, सिद्धान्त नव्हेत, आणि पहिल्या काही आठवड्यांत ते रोजच्या मोजणीनुसार बदलत जातात. बेसलचा दर बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी एखादे जेवण टाळून काही तास शर्करा स्थिर राहते का, ते तपासले जाते. पहाटे तीन-चारपासून शरीरात स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे अनेकांची शर्करा न खाताही चढते. तेवढ्या तासांपुरता बेसलचा दर वाढवून ठेवता येणे हा पंपाचा इंजेक्शनवरचा सर्वांत स्पष्ट लाभ होय.

मराठी घरातील एका परिचित पदार्थावरून बोलसचा हिशेब अधिक स्पष्ट होईल. चतुर्थीला साबुदाण्याच्या खिचडीची एक बशी भरली, तिच्यात कोरडा असताना साठ ग्रॅम वजनाचा साबुदाणा आणि थोडा बटाटा आहे, असे धरले, तर साबुदाणा जवळजवळ निखळ पिष्टमय पदार्थ असल्याने त्या बशीत कर्बोदके सुमारे साठ ग्रॅम भरतात. वरील प्रमाणाने त्यासाठी सहा युनिटे लागतील. जेवणापूर्वीची शर्करा 182 असून उद्दिष्ट 110 असेल, तर 72 मिलिग्रॅमचा फरक भरून काढण्यासाठी आणखी दोन युनिटे. पण दोन तासांपूर्वीच्या चहा-बिस्किटांसाठी घेतलेल्या बोलसपैकी एक युनिट अजून शरीरात कार्यरत असेल तर ते वजा करायचे, आणि एकूण सात युनिटे द्यायची. जलद इन्सुलिनचा परिणाम तीन ते पाच तास टिकतो. त्याची ही शिल्लक यंत्र स्वतः लक्षात ठेवते, आणि घाबरून एकावर एक मात्रा घेऊन शर्करा कोसळण्याचे प्रसंग त्यामुळे पुष्कळ टळतात. पुढे आणखी एक गोष्ट असते. खिचडीतल्या तुपामुळे आणि दाण्याच्या कुटामुळे पचन लांबते, म्हणून पाच युनिटे लगेच आणि दोन पुढच्या दोन तासांत विभागून, अशी सोय पंपात असते. गंमत अशी, की काही नव्या पंपांत स्वयंचलित पद्धत चालू असताना ही विभागणी करताच येत नाही. यंत्र हुशार झाले की वापरणाऱ्याचे काही अधिकार कमी होतात.

या हिशेबाचा कणा म्हणजे वजन आणि माप. ‘दोन भाकऱ्या’ हे माप घरोघर वेगळे असते. साठ ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी आणि शंभर ग्रॅम पिठाची भाकरी यांत कर्बोदकांचा सुमारे तीस ग्रॅमचा, म्हणजे वरील व्यक्तीच्या बाबतीत तीन युनिटांचा फरक पडतो. पंप घेण्याच्या आधी काही महिने स्वयंपाकघरात लहान वजनकाटा ठेवून, इंजेक्शनवर असतानाच कार्ब मोजण्याची सवय ज्या घराने लावून घेतली, त्या घरात पंप सहसा रुळतो. ज्याला दिवसातून चार वेळा बोटाला टोचून शर्करा पाहण्याचाही कंटाळा आहे, त्याचा कंटाळा पंपाने जाईल अशी आशा विक्रेता देऊ शकतो. डॉक्टराने ती देऊ नये.

अखंडता तुटण्याचा प्रसंग हा या विषयाचा सर्वांत गंभीर भाग आहे आणि त्यावर अधिक रेंगाळणे आवश्यक आहे. कॅन्युला त्वचेखाली मुडपली, चिकटपट्टी घामाने सुटली, नळीचा जोड सैल राहिला किंवा रिझर्वायर रिकामा झाला, तर काही तासांतच शरीर इन्सुलिनविना राहते, पेशी साखरेऐवजी चरबी जाळू लागतात आणि ‘कीटोन’ नावाची आम्लधर्मी द्रव्ये रक्तात साठतात. उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास ही त्याची लक्षणे असून वेळीच इन्सुलिन आणि सलाइन न मिळाल्यास हा ‘कीटोॲसिडोसिस’ जिवावर बेततो. पंप अडथळ्याची सूचना देतो हे खरे, परंतु नळीत दाब वाढल्यावरच ती वाजते; तासाला अर्धा युनिट एवढ्या संथ दराने बेसल चालू असेल तर तेवढा दाब निर्माण व्हायला कित्येक तास जाऊ शकतात, आणि इन्सुलिन त्वचेबाहेर गळत असेल तर दाब वाढतच नसल्याने सूचना वाजतही नाही. यावरून जो नियम सर्वत्र शिकवला जातो तो असा : कारण न कळता शर्करा 250च्या वर गेली तर पंपाने एकदा सुधारणेची मात्रा द्यावी, तास-दीड तासात ती उतरली नाही तर कीटोन तपासावेत, पुढची मात्रा पंपावर विसंबून न घेता इन्सुलिनच्या इंजेक्शन-पेनने टोचावी आणि सेट नवा लावावा. पेन, सुया, कीटोन तपासण्याच्या पट्ट्या, जादा सेट आणि पंपाची बॅटरी यांची पिशवी शाळेच्या दप्तरात, कार्यालयाच्या कपाटात आणि प्रवासात सोबत असलीच पाहिजे. सेट रात्री झोपताना बदलू नये, हाही त्याच जातीचा नियम. सकाळी बदलला तर तो नीट बसला की नाही हे दोन तासांनंतरच्या मोजणीत कळते, रात्री बदलला तर ते उजाडल्यावर कळते.

यंत्र पूर्ण बंद पडले तर त्यातल्या नोंदीही त्याच्याबरोबर जातात. म्हणून दिवसाच्या प्रत्येक टप्प्याचा बेसल दर, कर्बोदकांचे प्रमाण आणि सुधारणेचा आकडा कागदावर लिहून तो कागद औषधाच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवावा आणि दर बदलला की कागदही बदलावा. एवढी साधी गोष्ट बहुतेक घरांत राहून जाते.

निवडीच्या बाजारात आज ढोबळमानाने तीन प्रकारची यंत्रे दिसतात. नळी असलेला साधा पंप. नळी नसलेला, इन्सुलिनसह थेट त्वचेवर चिकटणारा ‘पॅच पंप’, ज्याचा पहिला व्यापारी नमुना ऑम्निपॉड या नावाने अमेरिकेत 2005मध्ये मान्य झाला. आणि त्वचेखालील शर्करा दर पाच मिनिटांनी मोजणाऱ्या सेन्सरशी जोडलेला स्वयंचलित पंप. या तिसऱ्या प्रकारातील पहिला, मिनिमेड 670जी, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर 2016मध्ये मान्य केला. त्याला ‘हायब्रिड’ म्हणतात, कारण बेसल तो स्वतः कमी-जास्त करतो, पण जेवणाची कर्बोदके माणसानेच सांगावी लागतात. त्यानंतरचा 780जी हा दर पाच मिनिटांनी सुधारणेची मात्राही आपणहून देऊ शकतो. डीसीसीटीने दाखवलेल्या शर्करा उतरण्याच्या संकटावर, विशेषतः रात्रीच्या, पंपाला सापडलेला सर्वांत परिणामकारक उतारा या प्रकारात आहे, आणि लहान मुलांच्या आईवडिलांची रात्रीची झोप हा निवडीचा निकष म्हणून गंभीरपणे धरला जावा इतका तो महत्त्वाचा आहे. मात्र स्वयंचलित पंपाची बुद्धी सेन्सरवर चालते; सेन्सर संपला किंवा परवडेनासा झाला की तो पुन्हा साधा पंप होतो. तेव्हा महिन्याला लागणारे सगळे सेन्सर सातत्याने घेता येणार नसतील, तर केवळ नाव मोठे म्हणून महागडे यंत्र घेण्यात शहाणपण नाही.

येथे एक उपकथा नोंदवण्याजोगी आहे. कंपन्यांच्या संथपणाला कंटाळलेल्या काही रुग्णांनी, त्यांत अमेरिकेतील डॅना लुईस आणि स्कॉट लीब्रँड यांनी, स्वतःच संगणक-आज्ञावली लिहून पंप आणि सेन्सर यांची सांगड घातली आणि 2015मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. त्यासाठी लागणारे जुने मिनिमेड पंप बिनतारी आज्ञा सहज स्वीकारत, हा त्यांचा सुरक्षिततेतील दोष होता. 2019मध्ये त्या दोषावरून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अधिकृत इशाराही दिला. ज्या दोषासाठी पंप परत मागवले जात होते, त्याच दोषासाठी रुग्ण ते जुन्या बाजारात शोधत फिरत होते. पहिला पंप घेणाऱ्याने मात्र या वाटेला जाऊ नये. बिघाड झाल्यास तिथे उत्तर देणारे कोणीही नसते.

हवामानाचा विचार परदेशी माहितीपुस्तिकांत थोडक्यात उरकलेला असतो. 37 अंशांपेक्षा अधिक तापमान लागलेले पंपातील इन्सुलिन टाकून द्यावे, असे जलद इन्सुलिनच्या पत्रकांत छापलेले असते. चंद्रपूर किंवा अकोल्याच्या उन्हाळ्यात, जिथे पारा 45 अंशांपर्यंत जातो, ही अट पाळणे ही रोजची कसरत आहे. तिथे रिझर्वायर पूर्ण न भरता दोन दिवसांपुरताच भरणे, पंप कपड्यांच्या आत ठेवणे आणि उन्हात उभ्या गाडीत तो कधीच न सोडणे, एवढे तरी हाती असते. कोकणात आणि मुंबईत प्रश्न उलटा, घामाचा आणि दमटपणाचा आहे. चिकटपट्टी सुटू नये म्हणून त्वचा स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी करणे आणि वरून आणखी एक पारदर्शक पट्टी लावणे तिथे नित्याचे होते. सेटची जागा फिरवत राहणेही तितकेच महत्त्वाचे, कारण एकाच जागी वारंवार टोचल्यास तिथे चरबीची गाठ धरते, त्या गाठीतून इन्सुलिन अनियमितपणे शोषले जाते, आणि मग दोष यंत्राला दिला जातो.

पंप अंगावर दिसतो, ही बाबही क्षुल्लक नाही. मुलीचा मधुमेह लग्न ठरेपर्यंत लपवून ठेवण्याची प्रवृत्ती महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांत आजही आहे, आणि इंजेक्शन लपवता येते तसा पंप लपत नाही. साडीत तो नेमका कुठे अडकवायचा हा प्रश्न कोणत्याही परदेशी कंपनीला पडलेला नसल्याने कमरेच्या कापडी पट्ट्या, परकराला आतून शिवलेले खिसे अशी उत्तरे घरोघरच्या शिवणयंत्रांवर शोधली गेली आहेत. पौगंडावस्थेतील मुलामुलींच्या बाबतीत निर्णय त्यांचाच असावा. आईवडिलांनी हट्टाने बसवलेला पंप मूल शाळेत काढून ठेवते आणि मग वर वर्णिलेला धोका उद्‌भवतो.

खर्चाच्या बाबतीत इंग्लंड-वेल्स आणि भारत यांतील अंतर उघड आहे. तिकडे नाइस या शासकीय संस्थेने डिसेंबर 2023मध्ये टाइप-1च्या रुग्णांसाठी स्वयंचलित पंपांची शिफारस केली आणि सार्वजनिक आरोग्यसेवेतून ते टप्प्याटप्प्याने देणे सुरू झाले. भारतात आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेने 2022मध्ये टाइप-1 मधुमेहाच्या उपचाराची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली ही मोठीच गोष्ट झाली, पण पंपाचा खर्च मुख्यतः कुटुंबाच्याच खिशातून होतो. यंत्राची किंमत काही लाखांत असते आणि ती सर्वांना दिसते; सेट, रिझर्वायर आणि सेन्सर यांचा दर महिन्याचा हजारो रुपयांचा खर्च मात्र हिशेबात उशिरा येतो. एकदा देणगी मिळवून यंत्र घेता येते, सेटसाठी दर महिन्याला देणगीदार मिळत नाहीत. परिणामी तीन दिवसांचा सेट सहा दिवस ओढला जातो, जागा सुजते, शर्करा चढते, आणि शेवटी यंत्र कपाटात जाते. त्यातच पंपाची हमी बहुधा चार वर्षांची असते : आठव्या वर्षी पहिला पंप लावलेल्या मुलाला चोविसाव्या वर्षापर्यंत पाचव्या पंपाची तजवीज करावी लागू शकते. खरेदीपूर्वी कंपनीच्या प्रतिनिधीला विचारायचे प्रश्न यातूनच ठरतात. सेटचा साठा आपल्या जिल्ह्यात कोणाकडे असतो, पंप बंद पडल्यास बदली यंत्र किती तासांत हाती येते, आणि रात्री दोन वाजता फोन उचलणारा माणूस मराठीत बोलतो का, या तीन प्रश्नांना नेमकी उत्तरे मिळाली नाहीत तर माहितीपत्रकातील इतर सर्व गोष्टी दुय्यम ठरतात.

पंप सोडून पुन्हा पेनवर जाणे हे अपयश मानण्याचे कारण नाही. पैशांची ओढाताण, परीक्षेचे दिवस, त्वचेची ॲलर्जी किंवा सततच्या सूचनांचा उबग, यांपैकी कोणत्याही कारणाने काही आठवडे किंवा कायमचे तसे करता येते, आणि नीट घेतलेल्या इंजेक्शनांवरही शर्करा उत्तम राहू शकते. त्या वेळी डॉक्टरांनी ठरवलेली दीर्घ परिणामाच्या इन्सुलिनची मात्रा आधी टोचून, तिचा परिणाम सुरू होईपर्यंत सुमारे दोन तास पंप चालू ठेवावा, आणि मगच नळी काढावी.